कूस बदलायची वेळ

लाळ-खुरकुताची साथ गोठ्यात शिरली त्याच आठवड्यात चर्चमधली सेविकेची जागा रिकामी झाली, आणि थोरलीचं सगळं बिनसलं ते तिथून. साथीचं तिला एवढं वाटलं नव्हतं. जनावर म्हटलं की दुखणं आलंच. आधी माहेरच्या गोठ्यात आणि मग सासरच्या, अशी तिची सगळी हयात शेणामुतात गेली होती. सातापैकी पाच गाई लाळ गाळत उभ्या होत्या. तोंडात फोड, खुरांच्या बेचक्यात जखमा, आणि डेअरीवाल्याने घरचं दूध घेणं बंद केलेलं. उन्हाळा तर असा की दुपारी गोठ्याच्या पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. हे सगळं थोरली निभावून नेत होती. निभावून नेता येत नव्हती ती धाकटी जाऊ.

धाकटी प्रार्थना सुंदर करायची. तिने डोळे मिटून "हे कृपाळू पित्या" म्हटलं की लहान पोरंसुद्धा चुळबुळ थांबवायची. कोणी आजारी पडलं, कोणी गावाला निघालं, कोणाचं मूल रात्री दचकून उठायला लागलं की धाकटीला बोलावणं यायचं. गेल्यावर तिला खुर्ची मिळायची, तीही आधी फडक्याने पुसलेली. त्याच घरी थोरली वासराच्या जुलाबासाठी गेली तर मागच्या दाराने जायची आणि आत येऊ नका म्हणायची वेळ कोणावर येऊ नये म्हणून आपणच अंगणात उभी राहायची. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. थोरलीचं तर ना पिकत होतं ना विकत होतं, असं तिला वाटायचं.

सेविका म्हणजे घरोघर जाऊन आजारी, म्हाताऱ्या, एकट्या पडलेल्या माणसांजवळ बसणारी बाई. जुनी सेविका थकली आणि मुलीकडे राहायला गेली. पाळकसाहेबांनी उपासनेच्या शेवटी जाहीर केलं, "जिला प्रभूने या कामासाठी बोलावलंय असं वाटतं, तिने आजपासून तिसऱ्या रविवारी इथे उभं राहावं आणि ते बोलावणं कसं आलं याची साक्ष द्यावी."

बाकांवरच्या सगळ्या माना एकदम वळल्या. धाकटीकडे. धाकटीने मान खाली घातली, आणि ती इतकी छान खाली घातली की थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

कारण एक गोष्ट कोणालाच माहीत नव्हती. थोरली अकरा वर्षांची असताना माहेरच्या गावात काळी पिशवी आणि छत्री घेऊन एक सेविका आली होती. तिने थोरलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या आईला म्हणाली, "ही देवाच्या कामाची आहे." बस, एवढंच. ती बाई पुढच्या घरी गेली आणि हे वाक्य थोरलीजवळ राहिलं. पुढे लग्न झालं, गोठा आला, दोन मुली होऊन सासरी गेल्या, तरी ती वाट बघत होती. कधीतरी काहीतरी होईल, आवाज येईल, निदान स्वप्न पडेल. स्वप्नं पडली ती गाय सुटल्याची.

तिने नवऱ्याजवळ विषय काढून पाहिला. तो खुराच्या जखमा धुवायला जांभळं पाणी कालवत होता.

"मी उभी राहिले तर?"

"कुठे?"

"चर्चमध्ये. सेविकेच्या जागेसाठी."

त्याने बादलीत काठी फिरवली. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याचं डोकं एका वेळी एकाच गोष्टीत असायचं. "मग धारा कोण काढणार?" तो म्हणाला.

नंतर तो बादली उचलून जाताना म्हणाला, "धाकटी राहणार आहे ना उभी? एका घरातून किती जणी?" हे मात्र तिला लागलं.

साक्षीच्या रविवाराआधीच्या सोमवारी सकाळी पांढरी गाय खाली बसली. खाली बसलेली गाय जड. पायांवर वजन पडून पाय बधिर होतात, मग ती कधीच उठत नाही. म्हणून दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागते. पुढचे पाय दुमडायचे, मान वळवून बरगडीशी आणायची, कंबरेच्या हाडाला गुडघा लावायचा आणि आपलं सगळं वजन टाकून तिला पलीकडे लोटायची. ताकदीपेक्षा हा खुबीचा मामला आहे. थोरली हे एकटीने करायची. सात वाजता केलं, नऊला केलं, अकराला केलं. खाली नवा पेंढा घातला, तोंडातले फोड तुरटीच्या पाण्याने धुतले, आणि घामाने चिकटलेले केस मनगटाने मागे सारत बाहेर आली, तेव्हा कुंपणाशी हेडबाईंची सून उभी होती.

हेडबाई म्हणजे शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. अर्ध्या गावाचे कान त्यांनी पिळलेले. तीन महिन्यांपासून अंथरुणाला खिळल्या होत्या. सुनेला सातवा महिना लागला होता. तिने एक हात कमरेवर ठेवला होता.

"धाकट्या बाई आहेत का?"

"नळावर गेलीय."

"त्यांना सांगाल? सासूबाईंनी प्रार्थनेला बोलावलंय. आज चारच्या आत या म्हणावं. फार त्रास होतोय त्यांना."

"सांगते," थोरली म्हणाली.

आणि तिने सांगितलं नाही. धाकटी नळावरून आली, हंडा उतरवला, "कोणी आलं होतं का?" असंही विचारलं. थोरलीने "नाही" म्हटलं, आणि तो शब्द इतका सहज निघाला की तिची तीच चपापली. साडेतीनला तिने मागच्या मोरीत कोपरांपर्यंत हात घासले. रविवारचे कपडे घातले. पवित्र शास्त्र काखोटीला मारलं आणि "औषधाला जाऊन येते" असं सांगून निघाली. पांढरीला तीनला वळवलं होतं, म्हणजे पाचपर्यंत वेळ होता.

हेडबाईंच्या खोलीत पडदे ओढलेले होते. सुनेने तिला पाहून भुवया वर केल्या, पण खुर्ची पुढे केली. थोरलीने ती पुसायची वाट पाहिली. सुनेने पुसली नाही. थोरली बसली.

"धाकटी नाही आली?" हेडबाईंनी विचारलं. आवाज बारीक झाला होता, पण धार होती तशीच.

"तिला बरं नाही. मी आलेय."

"हं. कर मग."

थोरलीने डोळे मिटले. "हे कृपाळू पित्या," तिने सुरुवात केली. आवाज धाकटीसारखा काढला, शब्दांच्या शेवटी तसाच थोडा कंप दिला. "तुझ्या या लेकरावर... तू तुझी करुणेची... करुणेची..." पुढचं येईना. करुणेचं काय करायचं असतं ते धाकटीला नेमकं माहीत असायचं.

"कोणाची नक्कल करतेस गं?" हेडबाई म्हणाल्या.

थोरलीच्या कानशिलांतून आग निघाली. चौथीच्या वर्गात उभं केल्यासारखी ती बसून राहिली. डोळे उघडायची लाज वाटत होती म्हणून मिटूनच ठेवले, आणि तसं बसल्यावर तिला वास आला. औषधाच्या, पावडरच्या आणि बंद खोलीच्या वासाखाली तो दबलेला होता, पण तिला तो ओळखीचा होता. खुराची जखम आतून सडायला लागली की येतो तो.

तिने डोळे उघडले. "हेडबाई, तुम्हाला किती दिवसांत वळवलं नाही?"

सून दारात उभी होती, तिने मान खाली घातली. "हे पहाटे वीटभट्टीवर जातात ते रात्रीच येतात," ती म्हणाली. "आल्यावर एकदा वळवतात. मला डॉक्टरांनी वजन उचलू नको सांगितलंय. मी किती... मला नाही जमत."

"तुझी चूक नाही त्यात," थोरली म्हणाली आणि उठली. पवित्र शास्त्र खुर्चीत ठेवलं. बाह्या वर केल्या. "पाणी उकळत ठेव. त्यात मीठ टाक, आणि निवलं की आण. जुनं सुती कापड आहे? आणि दोन उशा. तो पडदा काढ आधी, मला दिसत नाही."

हेडबाई दांडग्या होत्या. पण गाईपुढे काय. थोरलीने त्यांचा हात पोटावर ठेवला, पलीकडचा गुडघा मोडला, आपला गुडघा गादीच्या कडेला टेकवला, एक हात खांद्याला, एक कंबरेला, आणि वजन मागे टाकलं. हेडबाई एका दमात कुशीवर आल्या. त्यांच्या तोंडून एक लांब हुंकार निघाला. माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती. सुनेने ती पाहिली आणि भिंतीला टेकली.

थोरली जखम धूत राहिली. तोंडाने काहीतरी बडबडत होती, गोठ्यात बडबडायची तसंच, "झालं, झालं, थोडंच राहिलंय, आता लागेल थोडं." हेडबाईंनी एकदाही ओरड केली नाही. पाठीमागे उशा लावून झाल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "पाठ खाजव. तिथे नाही, वर. हं." आणि खाजवता खाजवता झोपल्या.

"नर्सला बोलव आजच," थोरलीने सुनेला सांगितलं. "ही जखम माझ्या हातातली नाही. आणि दर दोन तासांनी वळवायला पाहिजे. दिवसाची मी येईन."

घरी येताना तिला आधी आठवली ती साक्ष. मिळाली, ती मनाशी म्हणाली. आता माझ्याकडे सांगायला आहे.

मग पाच दिवस तिने घड्याळाच्या काट्यावर काढले. सहा, आठ, दहा, बारा हेडबाईंचे. सात, नऊ, अकरा, एक पांढरीचे, असं अंधार पडेपर्यंत. मधल्या वेळात धारा, शेण, खुरं धुणं, उकिरडा. नवरा रात्री पांढरीला दोनदा वळवायचा आणि दिवसा ही कुठे जाते ते विचारायचा नाही. थोरलीचे खांदे भरून आले. तरी पेंढा उचलताना, बादली भरताना ती साक्ष रचत असायची. "प्रभूने मला एका खाटेशी बोलावलं." वाक्य चांगलं होतं. पण ते बोलावणं कसं आलं, इथपर्यंत गाडी आली की कुंपण आडवं यायचं, आणि कुंपणापलीकडे उभी राहून धाकटीचं नाव विचारणारी सून. तेवढा भाग गाळून सांगता येईल का, याचा ती विचार करत होती. साक्ष देताना खोटं बोलायची ही तिची तयारी पाहून सैतानानेसुद्धा कौतुकाने मान हलवली असती.

शुक्रवारी नर्स आली ती थोरली हेडबाईंचं दहाचं वळवून निघायच्या बेतात असताना, आणि मलमपट्टी होईपर्यंत धरून ठेवा म्हणाली. थोरली धावतपळत घरी पोचली तेव्हा बारा वाजत आले होते. गोठ्यात पांढरी दुसऱ्या कुशीवर होती. तिच्या शेजारी, शेणात, धाकटी बसली होती. तिचं कोपर सोललं होतं, गालाला शेण लागलं होतं.

"मी वळवलं," धाकटी म्हणाली. "अकरा वाजून गेले, तुम्ही आला नाहीत."

"कशी वळवलीस?"

"तुम्ही करता तशी. तिसऱ्यांदा जमलं. दुसऱ्यांदा तिने लाथ मारली."

ते सोललेलं कोपर पाहून थोरलीला बरं वाटलं. मग लाज वाटली. मग पुन्हा थोडं बरं वाटलं.

"जाऊबाई, हेडबाईंची सून भेटली मला नळावर," धाकटी म्हणाली. "म्हणाली, 'सोमवारी निरोप तुमच्यासाठी दिला होता, पण थोरल्या बाई आल्या ते बरंच झालं.'"

पांढरीने शेपूट आपटलं. माश्या उठल्या आणि परत बसल्या.

"तो निरोप माझा होता," धाकटी म्हणाली.

"हो."

"मला का नाही सांगितलात?"

थोरलीकडे दहा कारणं तयार होती. पण पायांत आता उभं राहायचीही ताकद नव्हती, कारणं कुठून उभी करणार. ती गव्हाणीच्या कठड्यावर बसली. "मला जायचं होतं तुझ्या जागी," ती म्हणाली. "लोक तुला खुर्ची पुसून देतात. मला एकदा त्या खुर्चीत बसायचं होतं. गिळता येत नव्हतं ना थुंकता येत नव्हतं, इतकं डोळ्यात सलत होतं मला."

धाकटी हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "खुर्ची," ती म्हणाली. "त्या खुर्चीत मी सहा वेळा बसलेय, जाऊबाई. हेडबाईंच्याच खोलीत. मला वास येत होता. मी डोळे घट्ट मिटले आणि आवाज चढवला. म्हातारपणाचा वास असेल म्हटलं. सहा वेळा." तिने गालावरचं शेण पुसायला हात नेला आणि आणखी फासलं. "आज मी सुनेबरोबर तिच्या दारापर्यंत गेले आणि विचारलं, संध्याकाळी येऊ का प्रार्थनेला? तर ती आत जाऊन विचारून आली. हेडबाईंनी सांगितलं, नको, थोरली येते तेवढं पुरे आहे."

थोरलीने पांढरीवरच्या माश्या हाकलल्या.

"मला कसं वाटलं माहितीये? तुमचे हात मनगटापासून तोडून घ्यावेत असं वाटलं. मी गेले की लोक हात जोडून बसतात. सगळं संपलंय असे बसतात. तुम्ही गेलात की पळापळ होते, दोर आण, पेंढा आण. माझ्या येण्याने कोणी साधं पाणीसुद्धा तापवत नाही."

आपला कोणी हेवा करत असेल हे थोरलीच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ते तिला गोड लागलं. समोर एक बाई शेणात बसून रडायच्या बेतात होती आणि हिला गोड लागत होतं. हेही तिला कळत होतं, पण कळून काय उपयोग.

"रविवारी उभी राहणार आहेस?" तिने विचारलं.

"हो. तुम्ही?"

"हो."

तिचं कोपर पाहत थोरली म्हणाली, "गुडघा बरगडीला लावलास म्हणून लाथ मारली तिने. कंबरेच्या हाडाला लावायचा."

रविवारी थोरलीने हेडबाईंना आठला वळवलं, नऊला पांढरीचं केलं आणि ओल्या केसांनीच चर्चमध्ये पोचली. हिशोब साधा होता. साक्षी साडेनऊला सुरू होतील, दहाच्या आत आपलं बोलून होईल. पण पाळकसाहेबांना आवरतं घेण्याचं दान मिळालेलं नव्हतं. ते बोलावण्याबद्दल बोलत होते, आणि बोलत होते. पूर्वेच्या खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा पहिल्या बाकावरून खाली उतरला आणि फरशीवरून सरकत पुढच्या मेजाकडे निघाला. दहाला तो मेजाच्या पायाला लागतो, हे थोरलीला वीस वर्षांच्या रविवारांनी शिकवलं होतं.

तिचं साक्षीचं वाक्य तयार होतं. कुंपणाचा भाग गाळलेलाच होता. ती ते मनात म्हणत होती आणि तिची नजर फरशीवर होती. चार बोटं राहिली. दोन बोटं. हेडबाई डाव्या कुशीवर आहेत. डाव्या खांद्याचं हाड वर आलंय, तिथे काल लाली होती. सून बिचारी घड्याळाकडे बघत असेल, आणि कदाचित एकटीच प्रयत्न करेल, पोट सांभाळत.

"तर आता," पाळकसाहेब म्हणाले, "जिला बोलावणं आलंय तिने उभं राहावं."

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. तुम्ही मोठ्या, तुम्ही आधी, असंच ते पाहणं होतं. ऊन मेजाच्या पायाला लागलं.

थोरली उभी राहिली. मागच्या बाकावरून कोणीतरी कुजबुजलं, "ही काय सांगणार? कुठली गाय व्याली ते?" आणि दोघी-तिघी खुसखुसल्या. पाळकसाहेब जरा गोंधळले, पण हसून म्हणाले, "बोला, थोरल्या बाई. बोलावणं कसं आलं?"

तीस वर्षं ती या प्रश्नाची वाट पाहत होती.

"मी बोलायला नाही उठले, पाळकसाहेब," ती म्हणाली. "दहा वाजले. मला जायला पाहिजे."

"कुठे?"

"हेडबाईंची कूस बदलायचीय."

आता मात्र बरेच जण हसले. थोरली बाकांमधून गुडघे चुकवत, "सरका जरा, सरका" म्हणत बाहेर पडू लागली. तेव्हा धाकटी उठली. सगळे एकदम शांत झाले, कारण आता खरी साक्ष येणार होती.

"जाऊबाई," धाकटी म्हणाली, "अकराला पांढरीचं मी बघते. तुम्ही घाई करू नका."

थोरलीने मान हलवली आणि दाराबाहेर आली. दहा पावलं गेली नसेल, तोच मागे धाकटीचा आवाज सुरू झाला. नेहमीपेक्षा सावकाश, अडखळत, आणि म्हणूनच की काय, नेहमीपेक्षा चांगला. जागा तिलाच मिळणार होती. थोरलीला हेवा वाटला, ओळखीचा, जुना. तिने तो वाटू दिला आणि पाय उचलला, कारण जखमेसाठी मिठाचं पाणी अजून उकळायचं होतं.

"उशीर केलास," हेडबाई म्हणाल्या.

"सहा मिनिटं."

"सात. कोण उभं राहिलं?"

"धाकटी."

"आणि तू?"

"मीपण राहिले."

"मग?"

"मग इकडे आले," थोरली म्हणाली. तिने रविवारच्या कपड्यांच्या बाह्या वर सारल्या आणि गुडघा गादीच्या कडेला टेकवला. "हात पोटावर घ्या. गुडघा मोडा. हं, चला."